मातीचा बैल, लेकरांचे हात

कळमनुरी तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या ताई पोळ्यासाठी आता बाजारातून काहीच आणत नाहीत. मणी नाहीत, टिकल्या नाहीत, चमकीचा डबा नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी घमेलंभर काळी माती तेवढी चाळून भिजत घालतात.

"पहिल्या वर्षी मी सगळं आणलं होतं," त्या सांगतात. "आणि सगळंच चुकलं."

तेव्हा त्यांच्याकडे तीन ते सहा वर्षांची २४ लेकरं होती. बेत मोठा होता. सकाळी मातीचे बैल करायचे, लगेच रंगवायचे, माळा घालायच्या, मग तोरणाखाली शर्यत आणि शेवटी फोटो. हे सगळं दोन तासांत उरकायचं होतं.

पहिला घात मातीने केला. हिंगोली-परभणीकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून तडकते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. ताईंनी माती ताजी खणून आणलेली, न चाळता, न मळता. बैल उभे केले की पाय निखळायचे. चार पाय, दोन शिंगं, वशिंड, शेपूट हे सगळं तीन वर्षांच्या बोटांच्या आवाक्यातलंही नव्हतं. त्या वयाचं लेकरू गोळा करतं, तळहातावर वळी वळतं, चिमटा काढून टोक ओढतं. तेवढं त्याला मनापासून जमतं आणि आवडतं. "लेकरांचं जमंना म्हणून मी हातात घेतलं. शेवटी २४ च्या २४ बैल माझेच झाले. लेकरं भिंतीला टेकून बघत बसली."

मग रंग. कुणाच्या तरी घरून शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा आला. बैलाच्या शिंगाला चालतो, मग मातीच्या बैलाला का नाही, असं त्यांना वाटलं. पण मातीचा बैल हाताळणारं लेकरू तीच बोटं तोंडात घालतं. घरगुती रंगातल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. माळ्यावरचा डबा किती जुना आणि कसला, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. लहानांच्या हाती ऑइलपेंट द्यायचाच नाही, हा नियम ताईंनी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला.

घुंगरमाळेसाठी आणलेल्या मण्यांनी तर सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. साडेतीन वर्षांच्या एका मुलीने मणी नाकात सारला. मदतनीस पिन घेऊन धावली. ताईंनी तिला अडवलं, मुलीला तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं आणि आईला सोबत घेऊन दवाखाना गाठला. मणी निघाला. पिन घातली असती तर तो आणखी आत गेला असता. तेव्हापासून तिथे मणी, चिंचोके, तुरीचे दाणे लहानग्यांच्या हातात जात नाहीत. खेळण्यांच्या तपासणीत जे नळकांडं वापरतात त्याचं तोंड साधारण ३२ मिलिमीटर असतं. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याची धरतात. तीन पूर्ण झाली म्हणून वस्तू तोंडात-नाकात घालायची सवय सुटत नाही, तेव्हा अंगणवाडीत हेच माप धरावं. लुकलुकणाऱ्या सजावटीतली चपटी गोल बॅटरी तर याहून वाईट. ती गिळली किंवा नाकात अडकली तर दोन तासांत आतून भाजते. तिथे एक मिनिटही थांबू नये.

तोरणाची शर्यत रडारडीत संपली. तीन वर्षांच्या मुलाला पहिला नंबर म्हणजे काय ते कळत नाही, धक्का मात्र कळतो.

एवढं होऊनही ताईंना सर्वांत जास्त सलतो तो त्यांचा एक प्रश्न. सुरुवातीला त्यांनी गोल करून विचारलं होतं, "तुमच्या घरच्या बैलाचं नाव काय?" सर्ज्या, राजा अशी नावं आली. सात-आठ लेकरं मात्र गप्प राहिली. कुणाचे आईबाप मजुरीला, कुणाचे ऊसतोडीला जाणारे, कुणाच्या घरी ट्रॅक्टर. सण उपकार मानायचा आणि त्याच दिवशी काही लेकरांना आपल्याकडे नसल्याची जाणीव झाली. खरं तर ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्या घरी मातीच्या बैलाची पूजा होतेच. नागपूरकडचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा तर पोरांचाच. तो १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केल्याचं सांगतात. मातीचा बैल सगळ्यांचा असतो. सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

आता त्या विचारतात, "आज तू काय खाल्लंस? ते कुणी केलं? पीठ कुठून आलं?" उत्तरं आजीपासून सुरू होतात, गिरणीपर्यंत जातात, तिथून शेतात. त्या वाटेवर खुरपणारी आई येते, ट्रॅक्टर येतो, बैलही येतो.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा असाच उपकार मानायचा सण असतो. तिथल्या बालवाड्यांत मुलं कागदावर पंजा उमटवून टर्की करतात : अंगठा म्हणजे डोकं, बोटं म्हणजे पिसारा. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही फ्रिजवर असा एखादा टर्की दिसतो. ताईंनी ही युक्ती फिरवून घेतली. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद पिकवणारी वसमत याच हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा रंग शोधायला लांब जावं लागलं नाही. घरची हळद पाण्यात कालवायची, पंजा बुडवायचा आणि बोटं खाली करून उमटवायचा. चार बोटांचे चार पाय, अंगठ्याची मान. शिंगं आणि शेपूट कोळशाने. आयांना आदल्या दिवशी निरोप जातो, जुना सदरा घालून पाठवा, हळदीचा डाग निघत नाही.

मातीच्या बैलाला उभं राहायची सक्ती आता नाही. चाळलेल्या मातीत थोडी बारीक वाळू घालून मळलं की तडा कमी जातो, आणि बसलेल्या बैलाला पाय लागत नाहीत. एक गोळा, एक वशिंड, दोन चिमटे. एका दिवशी घडवायचा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवायचा, मग गेरू लावायचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले असंच भोवतालचं सामान घेतलं. फक्त बिया कोणत्या वयाच्या हातात द्यायच्या, एवढं आपण पाहावं.

शर्यतीऐवजी मिरवणूक निघते. तोरण लेकरांच्या डोक्याला लागेल इतकं खाली, आंब्याच्या पानांचं. त्याखालून सगळी एका ओळीत जातात, बैल हातात, आणि ज्याला वाजवायचं त्याने ताट वाजवायचं.

गेल्या वर्षी एका मुलाने मातीला शिंगं काढलीच नाहीत. दोन मोठे आणि दोन छोटे गोळे चापट करून त्याने खाली लावले. "हे आमच्या बापूचं ट्रॅक्टर," तो म्हणाला. ते वाळल्यावर ताईंनी गेरूची वाटी त्याच्या हाती दिली. पोळ्याच्या संध्याकाळी त्याच्या आईने ते पाटावर बैलांच्या शेजारी मांडलं, कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास पुढे ठेवला.