आगमनकाळाचा धडा : बंदिशाळेंतील योहान

वाचनपाठ : मत्तय ११.२–१०, रोमकरांस पत्र १५.४–१३.

नाशिक रोडच्या स्टेशनावर उतरून जे लोक जेल रोडची वाट धरितात, त्यांपैकीं कित्येकांस मध्यवर्ती कारागृहांत कोणास तरी भेटावयाचें असतें. कोणाचा मुलगा आंत असतो, कोणाचा धनी. दार केव्हां उघडावयाचें हें बाहेर बसलेल्यांच्या हातीं नाहीं, आणि आंतल्यांच्या तर मुळींच नाहीं. आगमनकाळाच्या चार रविवारीं मंडळीनें ज्या वाट पाहण्याचा अभ्यास करावयाचा, त्याचें ह्याहून जवळचें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं.

हा काळ २७ नोव्हेंबर व ३ डिसेंबर ह्यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारीं सुरू होतो. खेड्यांतील पुष्कळ मंडळ्या त्यास नाताळाची पूर्वतयारी एवढेंच समजतात : भिंतींस चुना, मुलांस नवें कापड, आणि त्या कापडासाठीं सावकाराकडे खेप. परंतु जुन्या प्रार्थनापुस्तकांत तिसऱ्या रविवारास जें शुभवर्तमान नेमिलें आहे, त्यांत ना तारा, ना मेंढपाळ. त्यांत एक तुरुंग आहे.

बाप्तिस्मा करणारा योहान हेरोदाच्या कैदेंत आहे. मृत समुद्राच्या पूर्वेस मखैरस नांवाचा डोंगरी किल्ला होता. तेथें त्यास ठेविलें होतें असें यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो. ज्यानें यार्देनेच्या तीरीं प्रभूकडे बोट दाखविलें, तोच आतां शिष्य पाठवून विचारितो कीं, आम्हीं ज्याची वाट पाहिली तो हाच ना? कित्येक टीकाकार म्हणतात कीं योहानास स्वतःस शंका नव्हती, शिष्यांच्या समजुतीसाठीं त्यानें विचारिलें. आम्हांस तें पटत नाहीं. ज्याच्या डोळ्यांसमोर चार भिंतींवांचून कांहीं नाहीं, त्यास असा प्रश्न पडणें हें पाप नव्हे. प्रभूनेंही त्याबद्दल त्यास दोष दिला नाहीं.

आतां प्रभूचें उत्तर नीट वाचा. आंधळे, पांगळे, कुष्ठी, बहिरे, मेलेले, दीन ह्या सर्वांची त्यांत गणना आहे. त्यावरून यशयाचे ३५ वा व ६१ वा हे अध्याय आठवतात, आणि योहानास ते ठाऊक असणारच. परंतु ६१ व्या अध्यायांत बंदिवानांच्या सुटकेचें जें वचन आहे, तें ह्या उत्तरांत नाहीं. तुरुंगांतल्या माणसास निरोप धाडावयाचा, आणि नेमकें तेंच गाळावयाचें! आम्हांस वाटतें कीं प्रभूनें त्यास खोटी आशा दिली नाहीं. योहान सुटला नाहीं. त्याचा शिरच्छेद झाला, हें आपण १४ व्या अध्यायांत वाचितों. राज्य मात्र आलें होतें, आणि तें त्यास कळविण्यांत आलें. खटला चालू असला, पीक उभें असलें, घरांत दुखणें असलें, म्हणजे ‘आशा’ ह्या शब्दाचा अर्थ आपण ‘माझें काम होईलच’ असा करितों. तसें मागावें, त्यांत वावगें नाहीं. परंतु पौल आशेबरोबर धीर सांगतो, तो योहानासारख्यांसाठीं.

जर्मनींतील पाळक डीट्रिख बोनहोफर ह्यांस १९४३ च्या एप्रिलांत कैद झाली. त्याच वर्षीं आगमनकाळ जवळ आला असतां त्यांनीं बर्लिनच्या तुरुंगांतून मित्रास लिहितांना कोठडीची ह्या काळाशीं तुलना केली : आंत माणूस लहानसहान कामें करीत राहतो, पण दार बाहेरूनच उघडावें लागतें. १९४५ च्या एप्रिलांत त्यांस फांशी देण्यांत आलें.

मग आंतल्यानें स्वस्थ बसावें काय? नाशिकच्याच तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. दार त्यांच्या हातीं नव्हतें, लेखणी होती.

स्टेशनाकडून शहरांत गेलें म्हणजे शरणपूर लागतें. एकोणिसाव्या शतकांत तेथें चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस ह्यांच्या देखरेखीखालीं, गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें राहत. त्यांचें दार दुसऱ्यांनीं उघडिलें. मायदेश पुन्हां दिसेल कीं नाहीं हें कोणासही ठाऊक नसतां तीं वाचावयास व हातकाम करावयास शिकलीं. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेंत डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्याकडे गेला. १८७३ मध्यें डॉक्टर वारले, तेव्हां त्यांचें हृदय तेथेंच पुरतांना प्रार्थना वाचणारा हाच होता. देह समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांतही तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरांत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांतही. वाचावयास शिकतांना, हें वाचन असें कामीं येईल हें त्या मुलास कोठून ठाऊक?

उपदेशक बंधूंस आमची सूचना अशी. सणासाठीं कर्ज काढूं नये हें पहिल्याच रविवारीं स्पष्ट सांगावें, आणि नाताळास आपण धुतलेल्या जुन्या अंगरख्यानें उभें राहावें; नाहींतर बोलणें व्यर्थ. बांधावरून ज्या दोन घरांचें बोलणें बंद आहे, तीं नाताळाच्या आदल्या दिवशीं नव्हे, आतांच एकत्र बसवावीं. अशा कामास चार आठवडेही पुरत नाहींत. तिसऱ्या रविवारीं योहानाचा पाठ वाचून झाल्यावर, ज्या घरचा माणूस तुरुंगांत आहे त्या घरीं जावें, मग तें घर ख्रिस्ती असो वा नसो. सुटका होईल असें सांगूं नये. तें आपणांस ठाऊक नाहीं. मुलांची शाळा, शेताचें काम, भेटीस जाण्याचें गाडीभाडें, ह्यांपैकीं काय अडलें आहे तें विचारावें.