घरचा हिशेब : वहींत कीं मोबाईलमध्यें ?

शेतकऱ्याच्या घरीं पैसा येतो तो वर्षांतून दोन-तीन वेळां, आणि जातो मात्र रोज. नोकरदाराची गोष्ट निराळी. त्याची आवक ठरलेली असते. खर्च हाताबाहेर गेला तर तें त्यास महिनाअखेर कळतें. आपल्याकडे मृगांत झालेली चूक कापसाचा शेवटचा वेचा विकल्यावर उमगते, आणि तोंवर ती दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते. म्हणून हिशेबाची गरज नोकरदारापेक्षां शेतकऱ्यास अधिक आहे. संवय मात्र आपल्यांतच कमी आहे.

यवतमाळ शहरास लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यांत आतां घरोघर मोबाईल आहे. एक भाऊ शेती पाहतो, दुसरा औद्योगिक वसाहतींत कामास जातो, आणि दोघांचा पैसा एकाच चुलीवर खर्च होतो. अशा घरांतील तरुण मंडळी म्हणतात कीं, वही कशाला हवी ? मोबाईलमधील ॲप आपोआप सर्व हिशेब ठेवतें. हें म्हणणें कितपत खरें आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हिशेब कोणाच्या हातीं असावा ?

प्रथम एक जुनी गोष्ट सांगणें अवश्य आहे. १८७५ सालीं मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली आणि कर्जाचीं खतें व वह्या जाळल्या. हा वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. लोकांचा राग माणसाइतकाच कागदावर होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. किती घेतलें, किती फेडलें, व्याज किती चढलें, हें सारें सावकाराच्या वहींत; कुळाच्या हातीं कांहींच नाहीं. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत कर्जदार शेतकऱ्यास पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला गेला. तो कायदा प्रारंभीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. पण त्यांतील तत्त्व सर्वांस लागू आहे. ज्याच्या हातीं हिशेब, त्याच्या हातीं सत्ता. तेव्हां वही कीं मोबाईल हा प्रश्न पुढचा. आपला हिशेब आपल्या हातीं असला पाहिजे, ही गोष्ट पहिली.

साधनांचे प्रकार

हिशेबाचीं हीं नवीं साधनें मुख्यत्वें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार संगणकावरील पूर्ण हिशेबाचा. 'ग्नूकॅश' हें त्यांतलें एक. तें विनामूल्य मिळतें आणि इंटरनेट नसतांहि चालतें. त्यांत प्रत्येक रक्कम दोन ठिकाणीं लिहावी लागते : कोठून आली आणि कोठें गेली. या द्विनोंदी पद्धतीचें वर्णन लुका पाचोली यानें १४९४ सालीं व्हेनिसमध्यें छापलेल्या ग्रंथांत केलें. आपल्याकडील पेढ्यांवरहि कीर्द, खतावणी, जमा आणि नांवें हे शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहेत. म्हणून ही गोष्ट आपणांस अगदींच परकी नाहीं.

दुसरा प्रकार रकान्यांच्या कोष्टकाचा. यांत वहीसारखे उभे-आडवे रकाने आपण आंखावयाचे, बेरीज यंत्रानें करावयाची. तिसरा प्रकार मोबाईलमधील ॲपचा. यांतील कांहीं ॲप बँकेकडून येणारे संदेश वाचून आपणच जमाखर्च मांडतात. तरुणांस आवडतो तो हा तिसरा प्रकार. आणि सर्वांत जपून वापरावयाचा तोहि हाच.

फायदे

यंत्राचे फायदे खरे आहेत, व ते नाकारणें अन्यायाचें होईल. बेरीज चुकत नाहीं. बियाणें, खतें, मजुरी, दवाखाना, किराणा, लग्नकार्य अशीं सदरें एकदां पाडलीं म्हणजे वर्षभराची बेरीज क्षणांत मिळते. वहींत त्यासाठीं एक रात्र जागावें लागतें. मागील सालाशीं तुलना करतां येते. २०१६ पासून यू. पी. आय. आल्यावर किरकोळ पैसाहि मोबाईलवरून जाऊं लागला. त्याची तारीख व रक्कम कोठें ना कोठें नोंदलेली राहते, ती विसरली जात नाहीं.

चौथा फायदा आठवणीचा, आणि शेतकऱ्यास तो रोख पैशाइतका मोलाचा आहे. तीन लाखांपर्यंतचें अल्पमुदतीचें पीककर्ज सात टक्के व्याजानें मिळतें. मुदतींत फेड केल्यास केंद्राकडून तीन टक्के सवलत मिळते, आणि उरलेलें व्याज राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेंतून भरून निघतें. ही योजना तीन लाखांपर्यंत २०२१ सालीं वाढविली गेली. मुदत चुकली कीं सवलत गेली. एक लाखाच्या कर्जावर वर्षाचें व्याज सात हजार रुपये होतें. मुदतीच्या पंधरा दिवस आधीं मोबाईलनें घंटा वाजविली, तर तिची किंमत इतकी आहे.

मोबाईल आपणांस झेपणार नाहीं असें म्हणण्याचे दिवसहि गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाची नोंद करूं लागला आहे.

तोटे

परंतु यंत्रास जें दिसतें तेवढेंच तें लिहितें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सात-बाराचे उतारे संगणकावर चढतांना आम्हीं पाहिले. नांवाची वेलांटी, क्षेत्राचा आंकडा, जुन्या कागदावर चुकलेला असेल तर तो तसाच चढे, आणि मग कलम १५५ खालीं दुरुस्तीचे अर्ज येत. यंत्र स्वतः चूक करीत नाहीं, पण त्यास दिलेली चूक तें जपून ठेवतें.

याचा अनुभव आमच्या घरींहि आला. एके वर्षीं मुलानें आपल्या मोबाईलवर असें एक ॲप घेतलें. जुलैच्या सुमारास त्यानें आनंदानें सांगितलें कीं, यंदा शिल्लक चांगली आहे, जुनी मोटारसायकल बदलून घेऊं. त्याच्या आईनें आपली वही काढली व कृषि केंद्राच्या उधारीचें पान उघडलें. तें पान मोबाईलमध्यें नव्हतेंच. मोटारसायकल राहिली. ही चूक कशी होते, तें आंकड्यांनीं दाखवितों. आंकडे उदाहरणादाखल सोयीचे घेतले आहेत.

पीककर्ज खात्यांत जमा झालें ८०,००० रुपये. त्यांतून बियाणें-खतें रोखीनें २६,०००, निंदणाची मजुरी १२,००० व घरखर्च १५,००० झाला. ॲप म्हणतें : जमा ८०,०००, खर्च ५३,०००, शिल्लक २७,०००. वाचणाऱ्यास वाटतें, आपण सुस्थितींत आहों. पण कर्ज हें उत्पन्न नव्हे, देणें आहे. आणि कृषि केंद्राची १८,००० ची उधारी मोबाईलला ठाऊकच नाहीं, कारण तिचा पैसा अजून हललेला नाहीं. खरी स्थिति अशी : देणें ९८,०००, हातीं २७,०००, म्हणजे ७१,००० रुपये अंगावर, व त्यांच्या मोबदल्यांत शेतांत उभें असलेलें पीक. पीक आलें तर ठीक. या ७१,००० पैकीं ५६,००० शेतांत गेले आणि १५,००० घरांत, हेंहि वहीवरून तेव्हांच कळतें. उधारीवर दरमहा शेंकडा दोन प्रमाणें वाढ लागत असेल, तर सहा महिन्यांत १८,००० चे २०,१६० होतात, हें वेगळेंच.

दुसरी गोष्ट, ज्या श्रमाचा पैसा कोणास दिला जात नाहीं तो खर्च मोबाईलला दिसत नाहीं. वरच्याच उदाहरणांत पुढें फवारणी व इतर ८,००० आणि वेचणी १६,००० धरली, तर शेतीचा रोख व उधारीचा खर्च ८०,००० झाला. कापूस १६ क्विंटल आला, तर क्विंटलास ५,००० पडले. पण घरच्या माणसांचे ८० दिवस शेतांत गेले. दिवसास ४०० धरले तर ३२,००० आणखी, म्हणजे क्विंटलास ७,०००. कृषि मूल्य आयोग पहिल्यास 'ए-२' व दुसऱ्यास 'ए-२ अधिक कुटुंबश्रम' म्हणतो. जमिनीचें भाडें व भांडवलावरील व्याज धरलें कीं 'सी-२' होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. तो आपणांस पुरला कीं नाहीं, हें सांगावयास आपला स्वतःचा आंकडा हवा, आणि तो घरच्या हजेरीशिवाय निघत नाहीं.

तिसरा तोटा, दुसऱ्याच्या घरीं ठेवलेली वही केव्हां मिळेनाशी होईल याचा नेम नाहीं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनें आपल्या 'मनी' या घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ सालीं थांबविली. अमेरिकेंत फार लोकप्रिय असलेलें 'मिंट' २०२४ सालीं बंद झालें. मोबाईल पाण्यांत पडतो, हरवतो, जुना होतो, हें तर आपण रोज पाहतों.

चौथा तोटा गुप्ततेचा. बँकेचे संदेश वाचण्याची परवानगी ज्यास दिली, त्यास आपला हातखर्च व आपली नड दोन्ही कळतात. कांहीं ॲप हिशेबाच्या जोडीला झटपट कर्जहि पुढें करतात. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं नियम काढून अशा कर्जाच्या ॲपना मोबाईलमधील संपर्क-यादी, छायाचित्रें वगैरे पाहण्यास मनाई केली. तरी 'परवानगी द्या' या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वीं विचार करावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें.

लपलेलें कर्ज

पांचवा तोटा आम्ही सर्वांत मोठा समजतों. मोबाईलला कुलूप असतें, आणि त्याची किल्ली एकाच माणसाजवळ असते.

आमच्या जिल्ह्याचें नांव ज्या दुःखद कारणानें देशभर झालें, तें सांगावयास नको. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष पॅकेज दिलें, त्यांत यवतमाळ होता. पाऊस, बोंडअळी व भाव यांवर कोणाच्या वहीचा हुकूम चालत नाहीं, आणि हिशेब ठेवला असता तर अमका वांचला असता असें म्हणणें मृतांवर अन्याय करणें होय. पण वारसाच्या फेरफारासाठीं कचेरींत आलेल्या विधवा भगिनी आम्हीं पाहिल्या आहेत. सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यांतील बँकेचा बोजा वाचून दाखविला, तेव्हां तो आंकडा त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच ऐकला. त्याखेरीज बाहेरचें देणें किती, हें सांगावयास घरांत एक चिठ्ठीहि नव्हती. मागणारे येत, आणि खरें कोण व खोटें कोण हें कळावयास मार्ग नसे.

कोनाड्यांतील वही पत्नी वाचते, मुलगी वाचते, म्हातारा बाप विचारतो. चौघांनीं पाहिलेलें कर्ज एकट्याच्या छातीवर बसत नाहीं. हा गुण मोबाईलमध्यें आपोआप येत नाहीं. तो माणसांनीं आणावा लागतो.

मग करावें काय ?

आमचें मत असें कीं, नोंद वहींत व्हावी आणि बेरीज यंत्रानें करावी. दोन्ही ठेवणें जमत नसेल तर वही ठेवावी. रीति पुढीलप्रमाणें असावी :

१. रोज रात्रीं त्या दिवसाचा खर्च लिहावा. मोबाईलवरून दिलेल्या पैशापुढें तो कशासाठीं दिला तें लिहावें. बँकेच्या संदेशांत नांव असतें, कारण नसतें.

२. देण्यांचें पान निराळें ठेवावें : बँक, सोसायटी, बचत गट, कृषि केंद्र, हातउसने. प्रत्येकापुढें रक्कम, व्याज व मुदत असावी. कर्जाची रक्कम उत्पन्नांत कधींहि धरूं नये.

३. घरच्या माणसांच्या शेतांतील दिवसांची हजेरी लिहावी.

४. आठवड्यास एकदां वहींतील शिल्लक, पेटींतील रोकड व बँकेचें खातें जुळवून पाहावें. कचेरींत आम्ही हें रोज करीत असूं; घरीं आठवड्यानें पुरे.

५. महिन्यास एकदां सदरवार बेरजा कोष्टकांत किंवा ॲपमध्यें घालाव्या, व त्यांची प्रत छापून किंवा हातानें उतरून वहींत लावावी. संदेश वाचण्याची परवानगी मागणारें ॲप शक्यतों टाळावें.

६. वही कोठें आहे हें घरांतील प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असावें, आणि देण्यांचें पान महिन्यांतून एकदां सर्वांसमोर मोठ्यानें वाचावें.

यांतील शेवटचा नियम पाळावयास सर्वांत कठीण आहे, कारण त्यांत लाज आड येते. पण घेतलेल्या कर्जाची लाज घरच्यांपाशीं धरून उपयोग नाहीं. तें फेडावयाचें आहे तें सर्वांनीं मिळूनच. नवें साल, नवा हंगाम किंवा नवा मोबाईल यांची वाट न पाहतां, हा अंक हातीं पडेल त्या रात्रीं जेवणानंतर निदान देण्यांचें एक पान लिहावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.