पन्नाशी, ऐंशी आणि बाथटब कर्व्ह

मशिनचं आयुष्य कसं असतं ते आपल्याला पाठ असतं. सुरुवातीला बारीकसारीक बिघाड, मग बरीच वर्षं सुरळीत आणि शेवटी झीज होऊन बिघाड पुन्हा वाढतात. हाच तो परीक्षेत हमखास येणारा बाथटब कर्व्ह. घरातल्या मोठ्या माणसांकडेही आपण नकळत याच नजरेनं बघतो. पप्पा पन्नाशीचे झाले, आजी ऐंशीची झाली, म्हणजे आता नुसती झीज! थोडं वाचल्यावर माझं मत असं झालं की हा कर्व्ह माणसाला अर्धाच लागू पडतो.

आधी लागू पडणारा अर्धा. वाचायच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे हा शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला. पण काय नेमका शब्द आहे!) डोळ्यातल्या भिंगावर आयुष्यभर नवे थर चढतात आणि ते कडक होत जातं. जवळचं बघताना त्याला फुगायचं असतं, तेच जमेनासं होतं. विशीत आपण सुमारे 10 सेंटिमीटरवरचं अक्षर वाचू शकतो, पंचेचाळिशीत हे अंतर 25 ते 30 सेंटिमीटर होतं. म्हणून पेपर हात लांब करून वाचला जातो. इथे चष्मा लावला की प्रश्न मिटतो.

कानाचा मिटत नाही. ई अँड टीसीवाल्यांना हे लगेच कळेल. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या. स्वर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतात. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटते ती वरच्या. त्यामुळे आजोबांना आवाज येतो पण शब्द लागत नाही. आपण 'साठ' म्हणतो, ते 'आठ' ऐकतात. ओरडलं तर स्वर मोठे होतात, 'स' काही तेवढा होत नाही, आणि वर त्यांना वाटतं की आपण चिडलोय. त्यापेक्षा टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोललेलं बरं. ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्पांतून बाहेर पडतो, आणि मग आपण खुशाल म्हणतो, "आजोबांना आता काही समजत नाही."

आता दुसरा अर्धा. स्टीलवर पुन्हा पुन्हा लोड दिला की ते थकतं, क्रॅक जातो. हाडाचं उलटं आहे. झेपेल एवढा लोड मिळत राहिला तर ते स्वतःला त्याप्रमाणे बांधून घेतं, असं जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. हाड सतत थोडं मोडलं जातं आणि पुन्हा बांधलं जातं. साधारण तिशीनंतर मोडणं पुढे जातं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे काही वर्षं हा वेग फारच वाढतो. (त्याच काळात आईला झोप लागत नाही, एकदम घाम फुटतो. घरात याला 'मूड' म्हणून सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही.)

स्नायूंचंही तसंच. 1990 मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांकडून वजनं उचलून पायांचा व्यायाम करून घेतला. 8 आठवडे पूर्ण करणाऱ्या 9 जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. कुठलं मशिन असं करेल? आणि आपण मात्र प्रेमानं म्हणतो, "आजी, तू बस, मी आणते." तिच्या पायांना मिळणारा तेवढाच लोड आपण काढून घेतो.

बुद्धीबद्दल वॉर्नर शाय यांनी सिअ‍ॅटलमध्ये 1956 साली अभ्यास सुरू केला. आजचे तरुण आणि आजचे म्हातारे यांची तुलना केली की म्हातारे फार मागे दिसतात, पण त्यात शिक्षणातला फरकही मिसळलेला असतो. शाय यांनी त्याच माणसांना दर 7 वर्षांनी पुन्हा तपासलं. वेग आधी कमी होतो, पण शब्दांचं ज्ञान वगैरे साठीपर्यंत चांगलं टिकतं असं दिसलं.

मनाच्या वाढीचे 8 टप्पे एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये मांडले. मध्यमवयात प्रश्न असतो, पुढच्यांसाठी काही घडवायचं की साचून राहायचं. शेवटच्या टप्प्यात, जगलो ते मान्य आहे का. एरिक 1994 मध्ये गेले. पत्नी जोन तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या होत्या. 1997 मध्ये त्यांनी नववा टप्पा जोडला, तो स्वतः त्या वयातून जात असताना. त्या म्हणतात, इथे जुने सगळे प्रश्न परत येतात, अगदी तान्ह्या बाळाचा पहिला प्रश्नसुद्धा : विश्वास ठेवायचा का? बाळाचा प्रश्न आईबद्दल असतो. नव्वदीत तो स्वतःच्याच शरीराबद्दल असतो, म्हणजे बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय टाकताना हा पाय आपल्याला धरेल का.