अडकलेली पुंगळी

मुक्काम नवा रायपूर

चिरंजीव बाळास,

बस्तरहून आलेले तुझे पत्र पोहोचले. सरावात रायफलीच्या चेंबरमध्ये काडतुसाची पुंगळी अडकली, ती ओढून काढणारा एक्सट्रॅक्टर तिच्या कडेवरून निसटला आणि शेजारच्या जवानाने बोल्टवर बुटाची टाच हाणण्याचा सल्ला दिला, हे वाचून आर्मोररच्या कामात हयात घालवलेल्या तुझ्या काकाला स्वस्थ बसवेना.

अशा प्रसंगी नळीचे तोंड निर्धोक दिशेस ठेवून प्रथम मॅगझीन काढावे आणि आत रिकामी पुंगळी आहे की न उडालेले काडतूस, याचा निःसंशय निर्णय करावा. बुडाच्या टोपीवर खळगा दिसला एवढ्यावरून काडतूस उडाले असे कदापि मानू नकोस. फुसक्या काडतुसावरही तोच खळगा असतो. तिळमात्र शंका असल्यास नळीत सळई न घालता रायफल आर्मोररच्या हवाली करावी.

पुंगळी रिकामीच असल्याची खात्री पटल्यावर बोल्ट काढून, नळी उभी धरून तोंडातून तेलाचे चार थेंब सोडावेत, ते झिरपेपर्यंत धीर धरावा, आणि नळीला जुळणारी पितळी सळई आत सोडून तिचे टोक पुंगळीच्या बुडाला आतून टेकले की लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत. सळई आरपार निघाली तर बूड तुटून पितळेची भिंतच आत चिकटली आहे असे समजावे. ती खास अवजारानेच निघते. स्क्रूड्रायव्हरने खरवडशील तर चेंबरवर ओरखडा उमटेल आणि पुढच्या प्रत्येक काडतुसाचे पितळ त्यात रुतेल.

70 भाग तांबे आणि 30 भाग जस्त यांचे पुंगळीचे हे पितळ बार उडताच दाबाने फुगून चेंबरला घट्ट भिडते व क्षणार्धात आकसते, म्हणूनच पुंगळी सुटते. काजळी, गंज वा अतिउष्णता यांनी हा व्यवहार बिघडतो. 1885च्या जानेवारीत सुदानमधील अबू क्लिया येथील लढाईत गुंडाळलेल्या पातळ पत्र्याच्या पुंगळ्या मार्टिनी-हेन्री रायफलींत अडकल्या, आणि ऐन हातघाईत अनेक सैनिकांच्या हाती केवळ संगिनी उरल्या.

पुंगळी निघाल्यावर चेंबर अगदी कोरडे पूस, कारण तेलकट भिंतीला पितळ धरत नाही आणि सारा धक्का बोल्टवर येतो. एक्सट्रॅक्टरची स्प्रिंग तपासून घे, आणि त्या काडतुसांचा लॉट क्रमांक शस्त्रागाराच्या दप्तरी नोंदवल्याचे उलट टपाली कळव.

वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुझा
काका