लोणारच्या गाळातील पावसाचा हिशेब

यंदा पाऊस सरासरीइतका झाला किंवा सरासरीहून कमी झाला, असे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. पण ही सरासरी किती वर्षांच्या नोंदींवरून काढावयाची? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशभरातील पर्जन्यमापकांच्या नोंदी जुळवून जी मालिका तयार केली, ती १८७१ सालापासून सुरू होते. हवामान खात्याची स्थापनाच मुळी १८७५ ची. म्हणजे आपल्या हाती असलेली पावसाची वही दीडशे वर्षांची, फार तर सहा-सात पिढ्यांची. १८७७ चा दुष्काळ, संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणून ओळखला जाणारा १८९९ चा दुष्काळ आणि १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ या वहीत आहेत. परंतु याहून मोठे काही घडू शकते काय, हे ती सांगू शकत नाही. पेढीचा केवळ शेवटचा महिना पाहून तिची पत ठरवू नये, हे वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात!

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भांडे ठेवून पाऊस मोजण्याची रीत दिली आहे. आणि उज्जैनजवळचे कायथा हे त्याचे गाव असावे, असे मानले जाते. रीत उरली, नोंदवही मात्र उरली नाही. तेव्हा माणसाने न लिहिलेली वही शोधणे भाग आहे. अशी एक वही तळ्यांच्या तळाशी असते.

तळ्यात दरवर्षी पाण्याबरोबर माती येते. पाने, परागकण आणि शेवाळाचे अवशेष तळाशी बसतात. जुने खाली, नवे वर. तळे खोल असेल आणि तळाची ढवळाढवळ झाली नसेल, तर हा क्रम हजारो वर्षे टिकतो. आपल्या भागात याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. इंदूरहून सरळ रेषेत दक्षिणेला ते सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. माळवा ज्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे, त्याच खडकात उल्कापाताने पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. लोणारचे वैशिष्ट्य असे की त्यातून पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. जमेला पाऊस, झरे व ओहोळ. खर्चाला जवळजवळ केवळ बाष्पीभवन. जमा घटली की शिल्लक लगेच घटते, पाणी अधिक खारे होते, आणि त्याची खूण गाळात उमटते. इतका सरळ हिशेब नदीकाठच्या तळ्यात मिळत नाही.

गाळ काढावयाचा तो फावड्याने नव्हे. पाण्यावर तराफा स्थिर करून त्यावरून पोकळ नळी तळात उभी दाबतात आणि आतला गाळ न विसकटता वर घेतात. असे तुकडे एकाखाली एक काढावे लागतात. सांध्यापाशी काही हरवू नये म्हणून शेजारी दुसरे छिद्र थोड्या वेगळ्या खोलीपासून घेतात. नंतर नळी उभी चिरून एक अर्धे भाग थंड जागी राखून ठेवतात व दुसऱ्याचे परीक्षण करतात. (मूळ कागद जपून ठेवा आणि प्रतीवर काम करा, हा दंडक येथेही आहे.)

लोणारहून असा सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढण्यात आला. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्रातील सुषमा प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधकही होते. १० मीटरांत सुमारे ११,००० वर्षे, म्हणजे सरासरीने एका सेंटिमीटरात अकरा वर्षे. बोटाच्या पेराएवढ्या चिखलात एक पिढी येते.

आता हा चिखल वाचावयाचा कसा? एकच पुरावा पुरत नाही. पाणी फार आटून क्षार अतिशय दाट झाले की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. ते ज्या थरात सापडतात, तो काळ कोरडा. ओहोळांनी आणलेल्या मातीतील मूलद्रव्यांचे प्रमाण पाणी किती जोराने येत होते ते सुचवते. पानांवरचा मेणाचा पातळ थर तर मला सर्वांत नवलाचा वाटतो. तो हजारो वर्षे कुजत नाही. झाडे आणि उष्ण प्रदेशातील गवते हवेतील कार्बन निरनिराळ्या रीतीने घेतात. त्यामुळे मेणातील जड कार्बनचे प्रमाण पाहून काठावर झाडी होती की गवत माजले होते, हे कळते. हे सर्व पुरावे एकाच बाजूला झुकले, तरच निष्कर्ष काढावयाचा.

खरी अडचण तारखांची आहे. गाळावर साल लिहिलेले नसते. सजीवातील कार्बन-१४ मृत्यूनंतर ठरावीक गतीने घटतो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. त्यावरून वय काढतात. परंतु पाण्यातल्या शेवाळाने भूजलातून आलेला जुना कार्बन घेतला असेल, तर नमुना शेकडो वर्षे अधिक जुना भासतो, मागील तारीख घातलेल्या बिलासारखा! म्हणून काठावरून पडलेले पान किंवा लाकडाचा तुकडा मिळाला तर त्यावर अधिक भरवसा ठेवतात.

तारखांना इतके महत्त्व का, याचा दाखला राजस्थानात आहे. गुरदीपसिंग यांनी सांभर, डीडवाना व लूणकरणसर या तळ्यांतील परागकणांवरून १९७० च्या दशकात असे मांडले की पाऊस चांगला असताना हडप्पा संस्कृती बहरली आणि तो घटल्यावर ती खालावली. कथा मोठी सुबक होती. पण १९९९ मध्ये येहूदा एन्झेल व सहकाऱ्यांनी लूणकरणसरच्या गाळाचे नव्याने कालमापन केले, तेव्हा तळे हडप्पाच्या ऱ्हासापूर्वी कित्येक शतके आटले होते असे आढळले. म्हणजे ती नगरे भरभराटली, ती त्या भागात कोरड सुरू झाल्यानंतर. चिखल तोच, साल बदलले आणि निष्कर्ष उलटला.

लोणारची वही काय सांगते? आरंभीच्या सहस्रकांत मोसमी पाऊस जोरदार होता. पुढे दोन दीर्घ कोरडे कालखंड दिसतात: पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. याचा अर्थ या काळात पाऊस पडलाच नाही असा नव्हे. मोसमी पाऊस अनेक दशके, प्रसंगी शतकेही, अशक्त राहिला असा आहे. दीडशे वर्षांच्या वहीत असे एकही पान नाही.

माळव्याच्या दृष्टीने पहिला कालखंड विशेष मोलाचा. वि. श्री. वाकणकरांनी उत्खनन केलेल्या कायथ्याची सर्वांत जुनी वस्ती साधारण याच काळातली. महेश्वरसमोर नर्मदेच्या दक्षिण काठी ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात खणलेले नावडाटोलीचे गहू पिकवणारे गाव त्यानंतरचे, दोन कोरड्या कालखंडांच्या मधले. मध्य भारतातील पहिल्या वस्त्या कोरड सुरू होताना दिसतात आणि शेतकरी वस्ती मधल्या काळात वाढते, असे प्रसाद व सहकाऱ्यांनी नोंदवले आहे. कोरड पडल्यावर माणसे पाण्याच्या आश्रयाला, नदीकाठी स्थिरावली असावीत, हे पटण्यासारखे आहे.

दुसऱ्या कालखंडाविषयी मात्र घाई नको. याच काळात सातवाहन झाले, राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास कोरले, धारच्या भोजाने अकराव्या शतकात भोपाळचा तलाव बांधला, असे सांगतात. कमी पावसाने राज्ये बुडतात, एवढ्या सोप्या सूत्रात हे बसत नाही. मला वाटते, पाऊस बेभरवशाचा झाल्यामुळेच तळी बांधण्याकडे राजांचे लक्ष गेले असेल. आपल्या कन्नड विभागातील मित्र ज्याला 'केरे' म्हणतात, त्याचा उल्लेख चित्रदुर्गजवळील चंद्रवळ्ळीच्या मयूरशर्म्याच्या चौथ्या शतकातील शिलालेखात आहे, आणि तो काळही याच कालखंडात येतो. अर्थात हा माझा तर्क; गाळ एवढे बोलत नाही.

असा पाऊस का रुसला? हिंदी व प्रशांत महासागरांच्या मधले, इंडोनेशियाभोवतीचे उष्ण पाणी अधिक तापले की हवेचे अभिसरण बदलते आणि आपला मोसमी पाऊस अशक्त होतो, असे लोणारच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते समुद्र आज पुन्हा तापत आहेत. या वेळी त्याचे कारण माणूस आहे, म्हणून जुना हिशेब जसाच्या तसा पुढे ओढता येणार नाही. परंतु धरणे, कालवे व शहरांचे पाणी आपण दीडशे वर्षांच्या सरासरीवर ठरवीत असू, तर त्या वहीत काय नाही तेही पाहावयास हवे.

आपल्या इंदुरात होळकरांच्या काळचा सिरपूर तलाव आहे. त्याचा गाळ शे-सव्वाशे वर्षांचाच, म्हणून प्राचीन हवामानाला निरुपयोगी वाटेल. पण ही सारी वर्षे पर्जन्यमापकाच्या नोंदीतही आहेत. अशा तरुण गाळाचे साल शिसे-२१० वरून काढता येते, आणि अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास वाढलेला सीझियम-१३७ त्यात पक्की खूण ठरतो. बँकेचे पासबुक आणि आपली रोकडवही समोरासमोर ठेवून मेळपत्रक करतात, तसे गाळाचा थर आणि मापकाचा आकडा येथे ताडून पाहता येतील. चांगल्या पावसाचे वर्ष चिखलात कसे दिसते हे एकदा कळले, की लोणारच्या खालच्या थरांचे वाचन अधिक खात्रीने होईल. तलावातील गाळ उपसावा लागतोच. उपसण्यापूर्वी खोल जागी दोन नळ्या दाबून नमुना ठेवून घेण्यास फारसा खर्च येणार नाही.