घाटमाथ्यावरील घरांत शिरणाऱ्या मुंग्या : ओळख व बंदोबस्त

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्याचा जोर वाढू लागला की घरोघर एकच तक्रार ऐकू येते. गुळाच्या मडक्याला मुंग्या लागतात, फडताळातील दूध टाकून द्यावे लागते, पेरणीसाठी राखून ठेवलेल्या नाचणी-वरीच्या गाडग्याभोवती रांग लागते. गृहिणी रांगेवर राख किंवा हळद टाकते. दोन दिवस रांग मोडते आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच फटीतून निघते. शेवटी त्रासून कोणीतरी शेतासाठी आणलेली विषारी भुकटी चुलीजवळ अथवा कणगीखाली टाकतो. मुंग्यांनी केलेल्या नुकसानीपेक्षा हा उपाय कितीतरी अधिक घातक असतो. ज्या जमिनीवर ही भुकटी पडते त्याच जमिनीवर मूल रांगते व कोंबडीची पिले दाणे टिपतात.

वास्तविक मुंग्यांचा बंदोबस्त अवघड नाही. मात्र त्यासाठी मुंगी कोणती, ती कोठून येते व घरात काय शोधते, या तीन गोष्टी प्रथम पाहिल्या पाहिजेत.

घाटमाथ्याचे हवामान आणि मुंग्यांचा घरप्रवेश

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढ्या पावसात जमिनीतील बिळे पाण्याने भरतात. तेव्हा मुंग्या आपली अंडी व पिले तोंडात धरून कोरडी जागा शोधतात. ती त्यांना घराच्या जोत्यात, कुडाच्या भिंतीत, कौलांखाली व चुलीच्या मागील उबदार मातीत मिळते. पावसाच्या बाजूच्या भिंतीला गवताचे किंवा पेंढ्याचे आच्छादन लावण्याची रीत आहे. ते जमिनीला टेकलेले असल्यास त्यातूनही मुंग्यांना भिंतीवर चढण्यास आडोसा मिळतो.

पावसाळ्याची बेगमी हेही एक कारण आहे. मे महिन्यात सरपण व गोवऱ्या घरात रचून ठेवतात. रानात पडून राहिलेल्या ओंडक्यात मुंग्यांची वसाहत असल्यास ती सरपणाबरोबर घरात येते.

हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात कधी कधी दवबिंदू गोठतात. मुंगीच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलत असल्यामुळे थंडीत तिच्या हालचाली मंदावतात. त्या काळात ज्या मुंग्या घरात दिसतात त्या बहुधा चुलीच्या उबेला राहिलेल्या असतात. एप्रिल-मे मध्ये मुंग्या पाण्याच्या शोधात माठाभोवती व मोरीजवळ जमतात. घाटमाथ्यावर मुंग्यांचा उपद्रव असा ऋतूबरोबर जागा बदलतो. बंदोबस्ताची वेळही त्याप्रमाणेच ठरवावी लागते.

वसाहत कशी चालते ?

रांगेत दिसणाऱ्या मुंग्या या कामकरी माद्या होत. त्या संपूर्ण वसाहतीचा केवळ एक लहानसा भाग असतात. राणी आत राहून अंडी घालते व अन्य कामकरी मुंग्या पिलांचे संगोपन करतात. त्यामुळे रांगेतील शंभर मुंग्या मारल्या तरी त्यांची जागा लवकरच दुसऱ्या शंभर मुंग्या घेतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कामकरी मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही; ती द्रवरूप अन्नच पोटात घेते. हे अन्न एका स्वतंत्र पिशवीत साठवून ती परत जाते व तोंडाला तोंड लावून आपल्या सोबतिणींना, पिलांना व राणीला भरवते. मुंग्यांच्या बंदोबस्ताची गुरुकिल्ली येथेच आहे. मंद गतीने परिणाम करणारे औषध गोड पाण्यातून दिल्यास मुंगी ते स्वतःच राणीपर्यंत पोहोचवते. जलद मारणारे औषध मात्र वाटेतच मुंगीला मारते व राणी सुरक्षित राहते.

मुंगी की वाळवी ?

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख असलेले किडे जमतात. ते मुंग्यांचे आहेत की वाळवीचे, हे निश्चित केल्याशिवाय उपाय करू नये. मुंगीची कंबर अतिशय बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या व पुढील पंख मागील पंखांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ व मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे असतात. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्यास ती वाळवी समजावी. तिच्यासाठी पुढील उपाय उपयोगी नाहीत.

घरात व आवारात आढळणारे प्रमुख प्रकार

(१) डोंगळा किंवा मुंगळा (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) : काळा, मोठा, सुमारे ७ ते १६ मिलिमीटर लांब. वसाहत घराबाहेर, बहुधा झाडाच्या बुंध्याशी जमिनीत असते. रात्री गुळाच्या वासाने घरात येतो. चावतो, पण त्याला नांगी नसते.

(२) लांब पायांची काळी मुंगी (पॅराट्रेचिना लाँगिकॉर्निस) : सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर. पाय व मिशा फार लांब. सरळ रांगेत न चालता वेड्यावाकड्या वळणांनी वेगाने धावते. दगड, कचरा, कुंड्या व लाकडे यांखाली राहते आणि जागा सहज बदलते.

(३) बारीक पिवळी मुंगी (मोनोमोरियम फॅराओनिस) : सुमारे दोन मिलिमीटर, फिकट पिवळी. उबदार भिंतीतील फटीत राहते. एका वसाहतीत अनेक राण्या असतात. गोड व तेलकट दोन्ही पदार्थ खाते. रुग्णालयांत ही मुंगी जखमेच्या पट्टीखाली शिरून रोगजंतू वाहून नेते असे आढळून आले आहे. म्हणून बाळंतिणीच्या व आजाऱ्याच्या खोलीत तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

(४) काळ्या डोक्याची बारीक मुंगी (टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम) : सुमारे दीड मिलिमीटर. डोके काळपट, पोट व पाय इतके फिकट की प्रथमदर्शनी केवळ डोकेच दिसते. बोटांत चिरडल्यास उग्र वास येतो. गोड पदार्थांवर जमते.

(५) तांबडी डसणारी मुंगी (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) : एकाच रांगेत लहान व मोठ्या डोक्याच्या मुंग्या दिसतात. अंगणात मोकळ्या मातीचे लहान ढीग करते. बियाणे व तेलकट पदार्थ नेते. नांगीने डसते व तेथे फोड येतो. डंखानंतर अंगावर गांधी उठल्यास किंवा श्वास लागल्यास रोग्याला तात्काळ दवाखान्यात न्यावे.

झाडावर पाने जोडून घरटे करणारा तांबडा हुमला हा घरातील उपद्रवी नव्हे. तो झाडावरील अनेक किडी खातो. आवारातील सर्वच मुंग्यांचा नायनाट करण्याचा प्रयत्न करू नये. घरातील अन्नाशी ज्यांचा संबंध येतो त्यांचाच बंदोबस्त करावा.

पहिली पायरी : वाट व आवड शोधणे

रांग दिसताच ती पुसू नये. अन्नाकडून परत जाणाऱ्या मुंगीचा माग काढून ती कोणत्या फटीत शिरते ते पाहावे व तेथे खडूने खूण करावी. डोंगळ्यांचा माग रात्री बत्ती घेऊन काढावा.

नंतर एका पुठ्ठ्यावर गुळाच्या पाण्याचा थेंब व दुसऱ्यावर शेंगदाण्याचे थोडे कूट ठेवावे. अर्ध्या-एक तासाने कोणत्या पुठ्ठ्यावर अधिक मुंग्या जमल्या ते पाहावे. त्यावरून आमिष गोड करावे की तेलकट, हे ठरते.

दुसरी पायरी : आमिष

गोड आमिष : पाणी १ लिटर, साखर १०० ग्रॅम, बोरिक पावडर १० ग्रॅम. पाणी कोमट करून त्यात दोन्ही पूर्ण विरघळू द्यावे. पावडर औषधाच्या दुकानातून घ्यावी व काट्यावर तोलूनच घालावी. एवढे आमिष एका वाडीतील अनेक घरांना पुरते. एकाच घरासाठी याच्या दहावा भाग करावे.

तेलकट आमिष : शेंगदाण्याचे कूट १०० ग्रॅम, बोरिक पावडर २ ग्रॅम. चांगले एकजीव करावे.

अधिक पावडर घातल्यास अधिक गुण येईल हा समज चुकीचा आहे. प्रमाण वाढल्यास मुंग्या आमिष टाळतात किंवा राणीपर्यंत जाण्यापूर्वीच मरतात.

झाकणाच्या लहान डबीला दोन ते तीन मिलिमीटरांची छिद्रे पाडावीत. आत गोड पाण्यात भिजवलेला कापूस किंवा चिमूटभर कूट ठेवून डबी रांगेच्या कडेला ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस मुंग्यांची गर्दी वाढते. गृहिणीने या वेळी घाबरून रांग मारू नये. औषध आत जात असल्याचे ते लक्षण आहे. पावसाळी हवेत आमिष लवकर आंबते व बुरसते, म्हणून दर तिसऱ्या दिवशी बदलावे. हा क्रम दोन ते तीन आठवडे चालू ठेवावा. पिवळ्या मुंगीच्या अनेक राण्या असल्याने तिला अधिक काळ लागतो.

बोरिक पावडर पोटात गेल्यास अपायकारक असते. तयार आमिष शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये. बाटलीवर ‘विष’ असे ठळक लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

डोंगळे व तांबड्या मुंग्या यांची वसाहत अंगणात सापडल्यास सकाळच्या वेळी त्यात बादलीभर उकळते पाणी ओतावे. एका वेळेस वसाहत पूर्ण मरतेच असे नाही; काही दिवसांनी पुन्हा ओतावे. झाडाच्या मुळांवर मात्र असे पाणी ओतू नये.

तिसरी पायरी : अटकाव

रांग पूर्ण थांबल्यावर तिची वाट साबणाच्या पाण्याने धुऊन काढावी, म्हणजे मुंग्यांनी सोडलेला मागाचा वास नाहीसा होतो. त्यानंतरच फटी चुना-वाळूने किंवा शेणमातीने लिंपाव्यात. आत जिवंत वसाहत असताना फट बुजवल्यास मुंग्या दुसरीकडून वाट काढतात.

फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत उत्तम आहे. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकावेत म्हणजे मुंगी पृष्ठभागावर न तरंगता बुडते. फडताळ भिंतीला टेकलेले नसावे. डासांची पैदास टाळण्यासाठी पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे. राख व हळद यांचा अडसर कोरड्या हवेत काही काळ चालतो, परंतु घाटमाथ्यावरील दमट हवेत त्या ओल्या होऊन निरुपयोगी ठरतात.

बियाणे उन्हात चांगले वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. सरपण घरात आणण्यापूर्वी उन्हात पसरून झाडून घ्यावे व जमिनीपासून वीतभर उंच माचीवर रचावे. लिंपणे व फटी बुजवणे ही कामे मे महिन्यातच उरकावीत. पाऊस लागल्यावर ओल्या भिंतीला लिंपण धरत नाही.

हे मात्र करू नये

शेतीची कीटकनाशके घरात मुळीच वापरू नयेत. एके काळी वापरात असलेली बी. एच. सी. भुकटी भारतात १९९७ साली बंद झाली. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ साली बंदी आली व फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झाले. माळ्यावर यांचे जुने डबे शिल्लक असल्यास ते उघडू नयेत. नदीनाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता त्यांची विल्हेवाट कृषि कार्यालयाच्या सल्ल्याने लावावी. अशा भुकटीमुळे अति घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा श्वासास त्रास दिसल्यास रोग्यास वेष्टनासह ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे. मुंग्यांचा खडूही विषारीच असतो. तो मुलांच्या हाती देऊ नये. फवारणीने पिवळ्या मुंगीची वसाहत फुटून एकीच्या अनेक वसाहती होतात, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

मधपेट्या असलेल्या गावांसाठी सूचना

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या परिसरात सातेरी मधमाश्या पाळल्या जातात. मुंग्या दुर्बल वसाहतीतील मध व पिले नेतात; प्रसंगी माश्या पेटी सोडून जातात. म्हणून पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत व भोवतीचे गवत पेटीला टेकू देऊ नये. गोड आमिष मात्र उघड्यावर कधीही ठेवू नये. ते मधमाश्याही नेतात. आमिष घरातच, लहान छिद्रांच्या बंद डबीत ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वाडीत एक घर निवडावे. गृहिणींना एकत्र बोलावून भिंगातून मुंगी व वाळवी यांतील भेद दाखवावा. दोन पुठ्ठ्यांची परीक्षा त्यांच्याच हातून करवावी. बोरिक पावडर सर्वांसमक्ष तोलून आमिष तयार करावे व धोक्याची सूचना स्पष्ट द्यावी. तीन आठवड्यांनी त्याच घरी पुन्हा जाऊन रांगेची पाहणी करावी. त्याच फेरीत जुन्या भुकट्यांच्या डब्यांची चौकशी करावी. एखाद्या घरातून असा एक डबा जरी बाहेर निघाला, तरी ती फेरी सार्थकी लागली असे समजावे.