भिंतीवरचा ठिपका

चित्रकलेच्या तासाला ‘बालपणीची आठवण’ हा विषय दिला की, बहुतेक वह्यांतून दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य, कौलारू घर आणि नदी ही मंडळी हजर होतात. असे घर खरोखर कोणाचे आहे, हे विचारल्यास वर्गात हशा पिकतो! ज्यांनी आपल्या गोंदियास काही काळ चित्रकला शिकविली, त्या एका चित्रकाराने आपली आठवण कशी रंगविली, ते पाहू.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली, बालाघाटच्या पलीकडील मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात, त्यामुळे सभोवार घनदाट अरण्य. रात्र पडली की बालकाचे मन भयाने दाटून येई. उजाडले म्हणजे धीर येई. शाळेत चित्त ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया नामक गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडेच पाहत बसावयास सांगितले.

पुढे नागपूरची कलाशाळा, गोंदियाची नोकरी, मुंबईचे जे. जे. आणि १९५० साली फ्रान्स. तेथे १९५६ साली समीक्षकांचे मानाचे पारितोषिकही लाभले. तथापि, आपल्या चित्रांत आपले असे काही उणे आहे, ही रुखरुख त्यांस लागून राहिली. अखेर १९८० च्या सुमारास तो ठिपका परत आला. कॅनव्हासवर, मोठे काळेभोर वर्तुळ होऊन!

येथे क्षणभर थांबावे. रझांनी शाळेची भिंत रंगविली नाही, की गुरुजींची मूर्ती रेखाटली नाही. त्या एका बिंदूत अरण्यातील रात्र आली, स्थिरावलेले चित्त आले, आणि ज्यातून सारे उगवते ते बीजही आले. मायभूमीस उद्देशून काढलेल्या ‘माँ’ या १९८१ च्या चित्रातही तोच काळा बिंदू आहे. प्रतीक म्हणतात ते यास. ठिपका काय, कोणीही काढील, असे काही पालक म्हणतील. काढील खरा; परंतु सुमारे अर्धशतक उराशी बाळगलेला ठिपका उसना आणता येत नाही.

तेव्हा येत्या सुटीत डोंगर आणि सूर्य यांस थोडी विश्रांती द्या. आईच्या मांडीवरील विड्या वळण्याचे सूप, आजीचा कंदील, भातगिरणीत पोती उचलण्याचा आकडा; जी वस्तू आठवताच पोटात कालवाकालव होते, तीच निवडा. तेवढीच काढा, कागदाच्या मध्यभागी, मोठी. भोवती कोणता रंग भरावा, हे त्या वेळच्या भीतीस वा आनंदास विचारा. आणि ती वस्तू कोणाची होती, हे कागदाच्या पाठीमागे दोन ओळींत लिहून आणा.